भिंतीपलीकडच्या शेळ्या

३ एप्रिल, गुरुवार

आज क्लबच्या व्हरांड्यात बिलियर्डचं टेबल येऊन पडलं. त्यानंतर लगेच ओमुरकुलने मला चहाला बोलावलं. ओमुरकुल आमच्या गावच्या क्लबचा प्रमुख. वयाने माझ्याहून लहान, म्हणून मला 'बाइके' म्हणतो, म्हणजे दादा. पण खुर्ची त्याची असल्यामुळे दादाला उभं ठेवून बोलतो.

"तुर्दाकुन बाइके, तुमच्या बाहुल्यांच्या खोलीत शेवटचं मूल कधी आलं होतं?"

"परवाच."

"ते आपलं मांजर शोधायला आलं होतं."

"पण थांबलं होतं थोडा वेळ."

"मांजर सापडेना म्हणून."

मग त्याने जिल्ह्याहून आलेलं फर्मान सांगितलं. मुलांच्या जुन्या गोष्टी नव्या यंत्रांतून सांगायच्या. मुलांनी नुसतं बघत बसायचं नाही, गोष्टीत भाग घ्यायचा. आणि गोष्ट संपल्यावर पर्यावरणासाठी प्रत्यक्ष काहीतरी करायचं.

"क्लबमागचा पाट कचऱ्याने तुंबलाय," तो म्हणाला. "महिनाअखेर डोंगरातलं पाणी सुटेल आणि पुढे जाणार नाही. तुमचा खेळ बघून लोक उठले आणि त्यांनी पाट साफ केला, तर खोली तुमची. टाळ्या वाजवून घरी गेले, तर टेबल आत."

मी व्हरांड्यात येऊन टेबलाकडे बघितलं. जाड नमद्यात गुंडाळलेलं, पाय वर करून, जणू कधीपासूनच इथलं. कानामागून आलं आणि तिखट झालं.

५ एप्रिल, शनिवार

गोष्ट ठरली. काळ्या शेळीची. आमच्या खोऱ्यात ती ऐकल्याशिवाय कुणी मोठं झालेलं नाही. शेळी पाटावर येते, 'एकच घोट' म्हणते आणि पीतच सुटते. पाट संपतो, ओढा संपतो, वरचं तळं संपतं. मग एक माशी तिच्या नाकात शिरते, शेळी शिंकते आणि सगळं पाणी परत येतं.

कादिराली अक्सकाल ही गोष्ट सगळ्यांत छान सांगतात. पांढऱ्या दाढीची वडीलधारी माणसं गावात आता मोजकीच उरलीत, त्यांत त्यांचा शब्द शेवटचा. म्हणून बायकोला, बुबुसाराला, घेऊन त्यांच्या कानावर घालायला गेलो. तोंड त्यांच्या कानाशी नेऊन.

"गोष्टीत काय बदलायचं?" ते म्हणाले. "शेळी पिते. शिंकते. झालं."

"मुलांना भाग घेता आला पाहिजे, अक्सकाल."

"मग त्यांना शिंकायला सांग."

नव्या माध्यमाची यांना काय कल्पना. चहा झाला, तळलेल्या पिठाचे बोरसोक झाले, अक्सकालनी रिवाजाप्रमाणे दोन्ही तळवे उघडून बाता दिला, म्हणजे आशीर्वाद. आम्हीही तळवे उघडून ऐकला, 'ओमीन' म्हणून तोंडावरून हात फिरवले आणि निघालो. वाटेत बुबुसारा म्हणाली, "ए म्हाताऱ्या, आधी ती हिरवी टोपी बदल. कानावर भोक पडलंय तिला." बायकोला माझ्या कलेत रस नाही, टोपीत आहे.

८ एप्रिल, मंगळवार

शेळी तयार. थर्माकोलची, घोड्याएवढी, पोटात स्पीकर. मुलांनी तिच्या तोंडात रिकामी बाटली टाकली की ती म्हणते, 'धन्यवाद, माझा पाट स्वच्छ ठेवा.' आवाज मी स्वतः दिलाय.

ओमुरकुल बघायला आला आणि बराच वेळ उभा राहिला.

"ही कोण?"

"शेळी."

"ते कळलं. पण कोण?"

तेव्हा माझ्याही लक्षात आलं. हनुवटी, गाल आणि ते अर्धवट मिटलेले डोळे, सगळं त्याचंच होतं. हात नकळत काय करतो सांगता येत नाही. तो गेल्यावर शेळी उचलली आणि मागच्या भिंतीवरून पलीकडे टाकली. तिकडे कुणी जात नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

दुसऱ्या शेळीला गावातली कुत्री भुंकत होती, म्हणून तिला भिंतीपलीकडे पाठवली. तिसरीचं तोंड उघडायचं आणि जोरात मिटायचं. तिने बुबुसाराच्या डोक्यावरचा रुमाल धरला, तो सोडवताना बुबुसाराही जवळजवळ आत गेली असती. तीही भिंतीपलीकडे.

"शेळी जाते जिवानिशी," बुबुसारा फाटका रुमाल झटकत म्हणाली. "चौथी कुठे टाकणार आहेस?"

"भिंतीपलीकडे रग्गड जागा आहे."

"होती," ती म्हणाली.

बायकांना शेवटचा शब्द हवाच असतो.

१४ एप्रिल, सोमवार

आज स्फूर्ती मिळावी म्हणून स्टुलावर चढून भिंतीपलीकडचा पाट बघितला. बघून मन विषण्ण झालं. बाटल्या, पिशव्या, एक बूट, आणि मुख्य म्हणजे थर्माकोल. पांढऱ्या तुकड्यांचा खच पडलाय. गावात एवढं थर्माकोल कोण वापरतं, काही कळत नाही. एका ठिकाणी चक्क शिंग वर आलेलं दिसलं. लोक मेलेली जनावरंसुद्धा पाटात टाकायला लागले म्हणजे हद्द झाली.

या लोकांना जागं करायचं तर साधी शेळी पुरणार नाही. चौथीही जमत नव्हती, तिला निरोप दिला.

१७ एप्रिल, गुरुवार

मार्ग सापडला, आणि तोही घरातच. आमची सून जाझगुल शहरात शिकलेली. मुलगा खाणीवर पाळीला गेला की ती कॉम्प्युटरवर बसून लांबच्या कंपन्यांची कामं करते. ती म्हणाली, "अता, शेळी पडद्यावरच ठेवली तर? पडद्यापुढे कॅमेरा लावू. लोक जशी हालचाल करतील तशी शेळी वागेल." मला ती अता म्हणते, म्हणजे बाबा. गावातली पोरंही तेच म्हणतात.

मी ताबडतोब सगळं ठरवून टाकलं. माणूस पाणी मागताना कसा दोन्ही तळवे उघडून पुढे धरतो? तसे तळवे दिसले की शेळी एक घोट पिणार. जितके तळवे तितके घोट. मुलांना मोह होणार, ते तळवे उघडणार, पाणी संपत जाणार, मग त्यांना पश्चात्ताप होणार आणि ते हात आवरणार. हाव आणि संयम, दोन्ही एका खेळात. हे मला चहा गाळताना सुचलं.

जाझगुलने सगळं वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाली, "अता, लोक दुसऱ्या कशासाठी तळवे उघडतील तर?"

"कशासाठी उघडतील? नाटक बघायला येणार की भीक मागायला?"

"बरं, अता."

सून असावी तर अशी. सासऱ्याशी वाद घालत नाही. एकदा नुसतं बुबुसाराकडे बघितलं आणि कामाला लागली. बुबुसारा खाली मान घालून पीठ मळत होती, तिचे खांदे हलत होते. पीठ घट्ट असावं.

२१ एप्रिल, सोमवार

बुबुसारा म्हणाली, "निमंत्रणं मी देते. तू शेळीत लक्ष घाल." तीन दिवस झाले, बाई घरोघर फिरतेय. इतक्या वर्षांनी तिला रंगभूमीचं प्रेम आलंय हे बघून मला भरून आलं. अक्सकालांकडे तर ती दोनदा जाऊन आली. आज शेजारच्याला कुंपणावरून सांगताना मी ऐकलं: "शनिवारी क्लबात ये. आणि लांब दांड्याचं आण, आखूड नको." कशाबद्दल बोलत होती विचारलं, तर म्हणाली, "झाडूबद्दल." खेळाआधी क्लब झाडून घ्यायची एवढी तयारी चाललीय.

ओमुरकुलने टेबलावरचा नमदा काढलाय. येता-जाता हातातल्या काठीने हवेत नेम धरतो आणि माझ्या खोलीच्या दाराची रुंदी बघतो.

२५ एप्रिल, शुक्रवार

रंगीत तालीम झाली. मी एकटाच प्रेक्षक. तळवे उघडले, पडद्यावरच्या शेळीने मान खाली घातली आणि एक घोट घेतला. गुटकन आवाजही आला. जाझगुलने कमाल केलीय. दिसायलाही शेळी शेळीसारखीच आहे, ओमुरकुलसारखी अजिबात नाही.

पण खरं लिहायचं तर मला भीती वाटतेय. पुढे बसलो होतो तर मागच्या फळीवरच्या लाकडी बाहुल्या दिसत होत्या. लांडग्याचा जबडा मी तीनदा बदललाय. म्हातारीचा डगला बुबुसाराने आमच्या लग्नातल्या कापडातून शिवला होता. मुलं येत नाहीत हे मला कळतं. मांजर शोधायला आलेली पोरगी मीरिम, तिचे पुढचे दोन दात पडलेत, तिने लांडग्याच्या तोंडात बोट घालून बघितलं होतं आणि विचारलं होतं, "हा चावतो का?" मी म्हटलं, चावतो. ती खूश झाली. तेवढंसं पुरतं मला. ही खोली गेली तर त्या लांडग्याला मी कुठे नेऊ?

२६ एप्रिल, शनिवार

सगळं आजच लिहितो.

सकाळी क्लबात गेलो तर अंगणात मोठी कढई चुलीवर चढलेली आणि बुबुसारा बायकांना घेऊन पलावसाठी गाजरं चिरत होती. म्हटलं, खेळाला जेवण कशाला? म्हणाली, "लोक दमतील." माझा खेळ भावनांची दमछाक करणारा आहे हे तिला न बघताच कळलं होतं.

मग लोक यायला लागले. फावडी घेऊन. टिकाव, पंजे, घमेली घेऊन. शेजारच्याने लांब दांड्याचं फावडं आणलं आणि कोटांच्या खुंटीला टेकवलं. इतकी वर्षं या गावात बाहुल्या नाचवतो, पण नाटकाला फावडं घेऊन येणारा प्रेक्षक पहिल्यांदा बघितला. अदब म्हणून काही राहिलीच नाही.

खोली गच्च भरली. पुढे मुलं, मागे मोठी माणसं, दारात ओमुरकुल काठी घेऊन. जाझगुलने यंत्र सुरू केलं. पडद्यावर पाट वाहू लागला, काळी शेळी येऊन उभी राहिली, मुलं चित्कारली. मी हिरवी टोपी सारखी करून पुढे आलो. पहिलं वाक्य तोंडात होतं. तेवढ्यात बुबुसारा म्हणाली, "आधी अक्सकाल बाता देतील. कामाला सुरुवात आहे."

मला तो मान वाटला. जाझगुल हळूच म्हणाली, "अता, तोवर यंत्र बंद करू का?"

"चालूच राहू दे," मी म्हटलं. "माहोल टिकतो."

"बरं, अता."

कादिराली अक्सकाल उठले, पडद्याकडे पाठ करून उभे राहिले आणि दोन्ही तळवे उघडून समोर धरले. सगळ्या खोलीने तळवे उघडले. मुलांनी, बायांनी, ओमुरकुलने, मी.

शेळीने मान खाली घातली आणि पिऊ लागली.

तो आवाज मी कधी विसरणार नाही. एक घोट म्हणजे गुटकन. पण एवढ्या तळव्यांचा एकदम म्हणजे घोड्यांचा कळप पाण्यावर आल्यासारखा. पडद्यावरचा पाट संपला. अक्सकाल म्हणाले, "पाण्याला वाट मिळो." शेळीने ओढा संपवला. "गुरांना गवत मिळो." शेळीचं पोट फुगून पडद्याच्या कडेला लागलं. मला यंत्र बंद करायचं बटण दाबायचं होतं, पण हात बात्यात अडकलेले. ओमीन म्हणेपर्यंत हात खाली आणणं म्हणजे आशीर्वाद सांडणं, ते आमच्यात कुणी करत नाही. मी जाझगुलकडे बघितलं. तिचेही तळवे उघडे होते आणि ती अगदी भक्तिभावाने जमिनीकडे बघत होती.

मुलं फिसफिसायला लागली. अक्सकालांना कमी ऐकू येतं, त्यांना वाटलं लोक हेलावलेत, म्हणून त्यांनी बाता लांबवला. "जे पाट साफ करायला आलेत, त्यांच्या कमरा दुखू नयेत," ते म्हणाले. इथे त्यांचा काहीतरी गैरसमज झाला होता, मी त्यांना खेळाचं सांगितलं होतं. शेळी डोंगरावरचं तळं प्यायली. "या खोलीत मुलांचा आवाज राहो, दुसरा कसला ठकठकाट इथे न येवो." शेळीचे पाय जमिनीवरून सुटले आणि ती फुग्यासारखी वर गेली. "ओमीन."

"ओमीन," सगळी खोली म्हणाली, ओमुरकुलसकट, आणि सगळ्यांनी एकदम तोंडावरून हात फिरवले. काय बिघडलं मला माहीत नाही, पण पडद्यावर ढुम्म झालं, सगळं काळं पडलं आणि यंत्रातून जळका वास आला.

मी एक वाक्यही बोललो नव्हतो. माझा खेळ संपला होता.

दारातून ओमुरकुलने घसा साफ केला. मला वाटलं आता तो टेबलाचं बोलणार, आणि खरंच रडू यायला लागलं. तेवढ्यात मीरिम उभी राहिली.

"शेळी कुठे गेली?"

मागून बुबुसारा म्हणाली, "भिंतीमागे बघ. पाटात. मी तिचं शिंग बघितलंय."

पोरं उठली ती बाणासारखी. त्यांच्यामागे मोठी माणसं फावडी घेऊन, आणि सगळ्यांच्या मागे अक्सकाल, "दमानं, दमानं" म्हणत. आम्ही पोचलो तेव्हा मीरिम गुडघाभर कचऱ्यात उभी राहून शिंग ओढत होती. त्याला लागून डोकं आलं, डोक्यामागून मान. "सापडली," ती ओरडली, आणि पोरांनी पाट उपसायला घेतला. कुणाला पाय मिळाला, कुणाला शेपूट. बाटल्या, पिशव्या, बूट, सगळं वर फेकलं जाऊ लागलं, कारण शेळी त्याच्याखाली असू शकते ना. दुसरी शेळी निघाली. तिसरीने वर येता येता तोंड मिटलं आणि एकाची बाही धरली. मग घोड्याएवढी पहिली निघाली. तिला भिंतीला टेकवून उभी केली, तेव्हा सगळे थांबून बघायला लागले.

"ही तर ओमुरकुल काकांसारखी आहे," मीरिम म्हणाली.

ओमुरकुलने मान फिरवली. मोठी माणसं हसली आणि फावडी चालू झाली. पलाव शिजेपर्यंत पाटाचा तळ दिसायला लागला होता.

जेवताना ओमुरकुल म्हणाला, "पाट साफ झाला हे खरं, पण खेळ काही झाला नाही, त्यामुळे टेबलाचं आपण..."

"तू ओमीन म्हणालास?" अक्सकालनी विचारलं.

"म्हणालो."

"तोंडावरून हात फिरवलास?"

"फिरवला."

"मग झालं. पलाव वाढ."

खोली राहिली. लिहिताना पुन्हा डोळे भरून येतायत. पडद्यावरचं सगळं पाणी संपलेलं बघून लोकांच्या मनावर एवढा परिणाम होईल, हे मलाही वाटलं नव्हतं. न बोलता केलेला माझा हा पहिलाच खेळ.

एक कोडं मात्र राहतं. माझ्या शेळ्या पाटात कशा पोचल्या? मी त्या भिंतीपलीकडे टाकल्या होत्या. पाटात नव्हे. बुबुसाराला विचारलं तर तिने रुमालाचं टोक तोंडात कोंबलं आणि चुलीकडे वळली. धुराने असेल.

२८ एप्रिल, सोमवार

आज पाणी सुटलं. सगळे पाटावर उभे होतो. आधी ओल्या मातीचा वास आला, मग फेसाळ गढूळ पाणी वळणावरून आलं, क्लबच्या मागे एक क्षण घुटमळलं आणि पुढे खालच्या बागांकडे गेलं. मीरिम पाण्याबरोबर पळत गेली. मी नुसता उभा राहिलो. छान वाटलं.

३ मे, शनिवार

मुलं आता रोज येतात. मांजराशिवाय. चारही शेळ्या धुऊन वाळवल्यात. वाळवायला सपाट जागा लागते, ती बिलियर्डच्या टेबलावर मिळाली. ओमुरकुल पहिल्या शेळीकडे बघत नाही, बाकीच्यांना हलवत नाही.

मुलांनी गोष्ट स्वतःच बसवलीय. त्यांच्या गोष्टीत शेळी पाणी पीत नाही. त्यांनी एक नवंच पात्र घातलंय, एक मिशीवाला माणूस. त्याच्या डोक्यावर हिरवी टोपी, एका कानावर भोक. तो दिवसभर शेळ्या बनवतो आणि भिंतीवरून पाटात फेकतो, आणि मग स्टुलावर चढून विचारतो, 'हा कचरा कुणी केला?' त्या वाक्याला सगळी पोरं लोळण घेतात. कुठून सुचलं त्यांना, देव जाणे. पण पात्र झकास आहे, जित्याजागत्या माणसासारखं.

"अता, तो माणूस कोण करणार?" मीरिमने विचारलं.

"मीच करतो," मी म्हटलं. "टोपी माझ्याकडे आहेच, शोधायला नको."

जाझगुल म्हणाली, "अता, तुम्हाला सराव करावाच लागणार नाही." सुनेच्या तोंडून अभिनयाचं एवढं कौतुक पहिल्यांदाच ऐकलं.

तालीम संपल्यावर खोली आवरली. थर्माकोलचे तुकडे गोळा केले आणि सवयीने मागच्या भिंतीकडे गेलो. हात वर नेला. पलीकडून पाण्याचा आवाज येत होता, आणि मीरिम त्यात पाय सोडून कुणाला तरी ती गोष्ट सांगत होती. हात खाली घेतला. मग तुकडे परत आणले आणि बिलियर्डच्या टेबलाखाली ठेवले. ओमुरकुलला अजून दिसलेले नाहीत.